अंदाज बरोबर आला, हीच तर तक्रार आहे



आमच्या पारनेरला संध्याकाळी फिरून आल्यावर टेकायचा आम्हा निवृत्तांचा एक कट्टा आहे. एप्रिलचा मध्य आला की त्या कट्ट्यावर दर वर्षी तेच नाटक होतं. कुणीतरी वर्तमानपत्राची घडी उलगडतो आणि मोठ्याने विचारतो, "काय गुरुजी, यंदा किती टक्के?" जणू दहावीचा निकालच लागलाय. मग आकडा वाचला जातो. शंभराच्या वर असला की चहा सांगितला जातो. शंभराच्या खाली असला तर चहा सांगतातच, पण तो गप्प बसून प्यायचा असतो.

यंदाचा आकडा मी इथे मुद्दामच लिहीत नाही. आकडा लिहिला की सगळी चर्चा त्याचीच होते आणि मला जे म्हणायचंय ते राहून जातं.

मला असं म्हणायचंय की मान्सूनचा हा जो देशभराचा टक्का एप्रिलमध्ये जाहीर होतो, तो कोकणातल्या मच्छीमाराच्या आणि पारनेरच्या शेतकऱ्याच्या काडीच्याही उपयोगाचा नाही. उलट तो ज्या थाटात आपल्यापर्यंत पोचवला जातो त्याने नुकसान होतं. हे नुकसान मी माझ्या घरात पाहिलंय आणि त्यात माझाही हात आहे. म्हणून हा लेख.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हवामान खात्याला शिव्या घालणं हा तर आपला राष्ट्रीय खेळ आहे, त्यात नवीन ते काय? थांबा. मी शिव्या घालत नाहीये. खात्याचा अंदाज चुकतो अशी माझी तक्रार नाही. तो बरोबर येतो आणि तरीही आपल्या हाती काही लागत नाही, ही माझी तक्रार आहे.

दोन वर्षं घेऊ. २०२३ च्या एप्रिलमध्ये खात्याने सांगितलं, सरासरीच्या ९६ टक्के पाऊस, पाच टक्के इकडेतिकडे. सप्टेंबर संपला तेव्हा हिशोब आला ९४ टक्के. मी पेपर तपासणारा माणूस आहे. पैकीच्या पैकी नाही दिले तरी पहिला वर्ग नक्की दिला असता. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट आठवतो का? देशात १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. त्या एका महिन्यात देशाचा पाऊस ३६ टक्क्यांनी कमी पडला. आमच्याकडचा मूग उभ्या उभ्या वाळला. ऑक्टोबर संपता संपता राज्य सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. अंदाज मात्र पास.

दुसरं वर्ष २०२५. एप्रिलमधला अंदाज १०५ टक्के, पुन्हा पाच टक्के इकडेतिकडे. शेवटी पडला १०८ टक्के. पुन्हा पास. आणि त्या वर्षी काय झालं, ते जरा सविस्तर सांगतो.

मी बी. ए., बी. एड. झाल्यावर पहिली पाच वर्षं नोकरी कोकणात केली, दापोली तालुक्यात, हर्णैजवळ. वर्ष १९७४. भूगोल आणि मराठी शिकवायचो. वर्गात निम्मी मुलं पाजपंढरीची, कोळ्यांची. मी दुष्काळी मुलखातून आलेला. १९७२ चा दुष्काळ नुकताच पाहिलेला, खडी फोडणारी माणसं डोळ्यासमोर. आणि इथे जूनपासून आभाळ फाटलेलं. पहिल्या पावसाळ्यात माझ्या पुस्तकांना बुरशी आली, तेव्हा वर्गातली पोरं हसून हसून लोळली होती. त्यांतलाच एक विद्यार्थी आज स्वतःच्या बोटीचा नाखवा आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. त्याचंही वय आता साठीच्या पुढे गेलंय, बोट मुलगा बघतो. पण दर वर्षी चैत्रात त्याचा फोन येतोच. "गुरुजी, यंदा काय म्हणतोय पाऊस?" भूगोलाच्या मास्तराला पावसातलं कळतं असा त्याचा समज आहे. पन्नास वर्षांत मी तो दूर केलेला नाही. कुणाला आवडेल?

२०२५ च्या एप्रिलात त्याचा फोन आला तेव्हा मी फुशारकीने सांगितलं, "एकशे पाच टक्के! झकास आहे." तो जरा गप्प बसला आणि म्हणाला, "झकास कोणाला, गुरुजी? आम्हाला मे कोरडा पायजे."

मंडळी, घाटावरच्या माणसाला हे चटकन कळत नाही म्हणून सांगतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला, म्हणून हा नियम आणि तो योग्यच आहे. त्यामुळे मे महिना हा हंगामाचा शेवट. वर्षभराचं डिझेलचं देणं, बर्फवाल्याचं देणं, खलाशांचा हिशोब, सगळं या शेवटच्या फेऱ्यांवर चुकतं करायचं असतं. बोटींवर नेपाळी खलाशी असतात, ते मेअखेर हिशोब घेऊनच गावाकडे जातात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती बायकांच्या हातात असते. मे महिन्याच्या उन्हात सुकट, बोंबील, जवळा, सोडे वाळवायचे. घरची आगोटीची बेगमी त्यातूनच होते, आणि विकून चार पैसेही त्यातूनच येतात. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या की पुढचे दोन महिने घर चालतं ते या सुक्या मासळीवर. तिला ऊन लागतं. मे महिन्यातल्या दोन दिवसांच्या पावसाने वाळत घातलेली मासळी कुजते आणि मग ती मातीमोलाने खताला जाते.

त्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. २४ मे रोजी त्याचा डिप्रेशन होऊन तो रत्नागिरी आणि दापोलीच्या मधोमध किनाऱ्यावर आला. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या अंगणातच म्हणा ना! त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला, नेहमीच्या १ जूनऐवजी आठवडाभर आधी. दुसऱ्या दिवशी २५ तारखेला देवगडला आणि २६ मे रोजी मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर मान्सून आल्याची आधीची नोंद २९ मे १९५६ ची होती. तीही मोडली. वाहिन्यांवर आनंदीआनंद. 'मान्सून एक्स्प्रेस सुसाट' वगैरे. आणि हर्णैच्या बंदरात बावटा लागलेला, बोटी बंदी सुरू व्हायच्या आधीच आत आलेल्या. माझ्या विद्यार्थ्याच्या बोटीचे शेवटचे दहा-बारा दिवस गेले. त्याच्या घरातल्या बायकांनी वाळत घातलेला जवळा घरात आणला, पंख्याखाली पसरला, तरी वास सुटला. शेवटी टाकून दिला.

त्याच आठवड्यात इकडे माझ्या घरी काय चाललं होतं? माझ्या पुतण्याने उन्हाळी कांदा लावला होता. काढणी झाली होती, कांदा शेतातच पातीखाली झाकून सुकायला ठेवला होता. चाळीत कधी टाकावा असं त्याने मला विचारलं. आता तो माझ्याहून जास्त शेती करतो, पण घरातला शिकलेला म्हातारा म्हणून विचारतो. मी सांगितलं, "अरे, पाऊस यंदा चांगला आहे, पण तो जूनमध्ये. मृग लागायला अवकाश आहे. नीट सुकू दे, घाई करू नकोस." हे मी कशाच्या जोरावर सांगितलं? त्या १०५ टक्क्यांच्या! वर्तमानपत्रात वाचलं होतं ना. चार दिवसांनी शेतात पाणी. निम्म्याहून जास्त कांदा सडला. पुतण्या मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. (तू हे वाचशीलच. तेव्हा समोर म्हणायचं राहिलं ते इथे म्हणतो, चूक माझी होती.)

आता गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणायची आपली पद्धत म्हणून. ज्या पावसाने हर्णैचा जवळा आणि पारनेरचा कांदा नेला, तो पाऊस त्या १०८ टक्क्यांत धरलेलाच नाही! मान्सूनचा हिशोब १ जून ते ३० सप्टेंबर असा चार महिन्यांचा. देशाची सरासरी ८७ सेंटीमीटर, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली, तीही याच चार महिन्यांची. मेमध्ये पडलेला पाऊस, मग मान्सून प्रत्यक्ष दारात उभा असला तरी, 'मान्सूनपूर्व' या दुसऱ्याच खात्यात जमा होतो. २०२५ चा मे हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत ओला मे ठरला. पण एप्रिलमध्ये मोठ्या टायपात छापलेल्या आकड्याचा त्याच्याशी संबंधच नव्हता. तो आकडा ज्या प्रश्नाचं उत्तर होता, तो प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. आमचा प्रश्न होता, मे कसा जाईल?

आणि त्या प्रश्नाचं उत्तर देणारा कागदही असतो बरं का! एप्रिलच्या अखेरीस खातं मे महिन्याचा वेगळा अंदाज काढतं. त्यात कमाल तापमान, किमान तापमान, उष्णतेच्या लाटेचे दिवस आणि पाऊसही असतो. पण माझ्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रात त्यातलं फक्त ऊन छापून येतं, शेजारी टोपी घातलेल्या मुलीचा किंवा उसाच्या रसाच्या गाड्याचा फोटो. पावसाच्या ओळी कात्रीत जातात. समुद्राचं तर कुणी नावही काढत नाही.

दुसरा मुद्दा सरासरीचा. मी आयुष्यभर फळ्यावर सरासरी काढून दाखवली, म्हणून मला बोलायचा अधिकार आहे. हर्णै आणि पारनेर यांच्यात सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर असेल. मध्ये सह्याद्री. तिकडे रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इकडे आमच्या पठारावर पाचशेच्या आगेमागे. ढग घाटाच्या पलीकडे रिकामे होतात आणि आमच्याकडे नुसते वरून जातात. मेअखेरच्या सुधारित अंदाजात खातं देशाचे चार मोठे भाग पाडतं. त्यात हर्णै आणि पारनेर दोन्ही एकाच भागात, 'मध्य भारत' नावाच्या. त्याच भागात ओडिशाही आहे. त्याच्याही खालची पायरी घेतली तरी आम्ही 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात, जिथे महाबळेश्वरही आहे. महाबळेश्वरचा पाऊस आणि पारनेरचा पाऊस एका भांड्यात ओतून ढवळायचा आणि त्यातला एक चमचा आम्हाला द्यायचा, घ्या, हा तुमचा पाऊस. शेजारच्या श्रीमंताचं उत्पन्न आणि माझं पेन्शन यांची सरासरी काढून मला आयकराची नोटीस पाठवण्यासारखंच हे झालं.

मग हा आकडा काढतात तरी कशाला? त्याचा इतिहास पाहिला की उलगडा होतो. १८७५ मध्ये आपलं हवामान खातं सुरू झालं. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ पडला, आणि पाऊस कसा होणार हे आधी कळावं अशी निकड इंग्रज सरकारला वाटू लागली. ब्लॅनफर्ड नावाच्या पहिल्या प्रमुखाने हिमालयातल्या बर्फावरून ठोकताळे बांधले आणि १८८६ पासून असा हंगामी अंदाज रीतसर निघू लागला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी धुंडाळून त्याला शास्त्रीय पाया दिला. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात. १९८७ च्या दुष्काळानंतर आपल्या वसंतराव गोवारीकरांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांचं प्रारूप आलं, त्याचं तेव्हा आम्हा मराठी मास्तरांना केवढं अप्रूप! मी शाळेच्या काचफलकावर त्याची बातमी लावली होती. त्या पद्धतीने २००२ साली १०१ टक्के सांगितलं आणि प्रत्यक्षात ८१ च्या आसपास पडला, तेव्हा ती बदलली. पुढेही ती बदलत गेली, सुधारत गेली. हे सगळं कौतुकाचंच आहे.

पण पहिल्यापासून तो आकडा कुणासाठी होता ते पाहा. दुष्काळात धान्य किती लागेल, सारा किती बुडेल, हे पाहणाऱ्या सरकारसाठी. आजही त्याचा खरा उपयोग दिल्लीतल्या टेबलांनाच आहे. गहू-तांदळाचा साठा किती ठेवायचा, कांद्याची निर्यात चालू ठेवायची की नाही, व्याजदराचं काय करायचं. ते जरूर करा. राज्य चालवायचं म्हणजे असा आकडा लागतोच. फक्त तो 'बळीराजाला दिलासा' म्हणून आमच्या पानात वाढू नका. ते ताट दुसऱ्याचं आहे.

आमच्या कामाचा अंदाज वेगळाच असतो आणि तो खातं चांगला देतं, हे मी मान्य करतो. २४ मेचा तो डिप्रेशन किनाऱ्यावर यायच्या आधी मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका अशा सूचना होत्या. माझा विद्यार्थी सांगतो, त्या मिळाल्या, म्हणून बोट आणि माणसं वेळेवर आत आली. मासळी गेली पण जीव राहिला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं, दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, आणि मग ते क्षीण होत आमच्या पुणे-नगर भागावरून गेलं. त्या वर्षीचा एप्रिलमधला आकडा होता १०० टक्के, म्हणजे अगदी 'सामान्य'. त्या शंभर टक्क्यांनी एकाही घराचं छप्पर वाचवलं नाही. माणसं वाचली ती दोन-तीन दिवस आधी वादळाचा मार्ग सांगितला आणि किनाऱ्यावरची गावं हलवली म्हणून.

आणि सांगूनही ऐकलं नाही की काय होतं, तेही पाहिलंय. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा बोटी खोल समुद्रात होत्या, इशारा त्यांच्यापर्यंत पोचायला साधन नव्हतं, आणि कोकणातले कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. तिथे निदान निरोप पोचला नव्हता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचे इशारे काही दिवस आधीपासून होते. तरी मुंबईपलीकडच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा तराफा २६१ माणसांसकट तिथेच नांगरून राहिला. १७ मे रोजी तो बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. अंदाज बरोबर होता. तो ऐकून निर्णय घेणारं माणूस जागेवर नव्हतं.

म्हणजे प्रश्न उरतो तो पोचवण्याचा आणि कोणता अंदाज कशासाठी हे समजण्याचा. यात मी खात्याइतकंच आपल्यालाही धारेवर धरतो.

पहिले आपले वर्तमानपत्रवाले आणि वाहिन्या. खातं आकड्यापुढे 'पाच टक्के कमीजास्त' असं लिहितं. नकाशावर कुठे शक्यता जास्त, कुठे कमी ते रंगवून दाखवतं. तुम्ही ते सगळं गाळता आणि एक गोल आकडा लाल अक्षरांत नाचवता. शक्यता सांगणाऱ्याच्या तोंडी भविष्य घालता आणि मग ते खरं ठरलं नाही की त्यालाच झोडपता.

दुसरे आपले पंचांगवाले आणि त्यांचे मोबाइलवरचे नवे अवतार. पूर्वी नक्षत्राचं वाहन बघायचे. बेडूक, म्हैस आलं तर पाऊस, कोल्हा आला तर कोरडं. आता फेसबुकवर कुणी स्वतःला हवामानतज्ज्ञ म्हणवतो आणि 'अमुक तारखेला तुमच्या तालुक्यात धो धो' असं ठामपणे सांगतो. बेडकाने निदान कुणाकडे लाइक मागितले नव्हते. लोक त्यांच्यामागे का जातात? कारण तो तालुक्याचं नाव घेतो आणि तारीख सांगतो. लोकांना हवं असलेलं बोलतो. शास्त्र जिथे मराठीत आणि गावाच्या नावाने बोलत नाही, ती जागा असे लोक भरून काढतात.

तिसरे आम्ही मास्तर. चाळीस वर्षं 'महाराष्ट्राचा सरासरी पाऊस' पाठ करून घेतला. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज मुलांकडून नोंद करून घेतली असती, तर एका पिढीला सरासरी आणि आपला पाऊस यातला फरक हाताने कळला असता. आमच्या शेजारी नगर तालुक्यात हिवरे बाजारने गावाच्या पावसाचा ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली. पाऊस मोजायचा, त्यावरून यंदा कोणतं पीक घ्यायचं, कोणतं नाही ते ग्रामसभेत ठरवायचं. तिथे दिल्लीच्या टक्क्याला कोण विचारतो? त्यांच्याकडे स्वतःचं पाणी मोजलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, एप्रिलमध्ये बसून २४ मेला डिप्रेशन कुठे येणार हे जगात कुणालाच सांगता येत नाही. अगदी मान्य. मग तेच ठळक छापा ना! 'हा आकडा मे महिन्याबद्दल काही सांगत नाही. तुमच्या तालुक्याबद्दल काही सांगत नाही. पाऊस कधी खंड घेईल ते सांगत नाही.' सिगारेटच्या पाकिटावर जसा इशारा असतो, तसा या बातमीखाली असू द्या. अज्ञान कबूल करण्यात शास्त्राला कमीपणा येत नाही. माझ्यासारख्या अर्धवट शहाण्यांच्या तोंडाला मात्र कुलूप बसेल, आणि ते फार गरजेचं आहे.

आणि जे सांगता येतं ते नीट पोचवा. खातं दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा अंदाज काढतं, समुद्रात वादळ तयार व्हायची शक्यता किती तेही त्यात असतं. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था लाटांची उंची, वारा, मासळी कुठे मिळेल त्याची क्षेत्रं कळवते. पण ते साध्या मराठीत, एका पानावर, हर्णैच्या लिलावाच्या वाळूवर फळ्यावर खडूने लिहिलेलं मला हवंय. 'येत्या दोन आठवड्यांत वादळाची शक्यता मध्यम. मासळी वाळवायला घालताना विचार करा.' आमच्या बाजार समितीच्या फाटकावर तसंच, 'काढलेला कांदा उघड्यावर ठेवू नका.' याला उपग्रह लागत नाही. फळा, खडू आणि रोज सकाळी लिहिणारा एक माणूस लागतो. गावागावांत निवृत्त मास्तर रिकामे बसलेत. अक्षर अजून चांगलं आहे आमचं.

राहिला नुकसानभरपाईचा प्रश्न. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलं केलं. महिनाभरातच त्या शेतीचं पीक उन्हात वाळत असताना भिजलं. माझा विद्यार्थी मला विचारत होता, "गुरुजी, बोट फुटली, जाळं फाटलं तर पंचनामा होतो. कुजलेल्या जवळ्याचा पंचनामा करायला कोण येणार? आणि बावटा लागला म्हणून घरी बसलो, त्या दिवसांचा हिशोब कोण धरणार?" सरकारच्या सांगण्यावरून जो समुद्रात गेला नाही, त्याच्या बुडालेल्या दिवसांची किंमत सरकारने धरायला हवी. नाहीतर एक दिवस तो बावटा बघूनही जाईल. पोटाने ढकललेल्या माणसाला लाल रंग दिसत नाही.

असो. फार बोललो. वर्गात सवय लागली ती सुटत नाही.

शेवटी यंदाचं सांगतो. चैत्रात नेहमीप्रमाणे हर्णैचा फोन आला. "गुरुजी, यंदा काय म्हणतोय पाऊस?" मी या वेळी टक्का सांगितला नाही. म्हटलं, "मला माहीत नाही रे. दर गुरुवारचा अंदाज मी वाचीन, मराठीत करीन आणि तुला फोनवर सांगीन. तेवढंच माझ्याच्याने होईल." तो हसला. म्हणाला, "गुरुजी, पन्नास वर्षांत पयल्यांदा तुम्ही म्हायीत नाही म्हणालात."

तेव्हापासून दर गुरुवारी रात्री दोन फोन करतो. एक हर्णैला, एक वस्तीवर पुतण्याला. कट्ट्यावरही सांगून टाकलंय, मला टक्के विचारायचे नाहीत. चहा मात्र चालू ठेवा.